कौटुंबिक न्यायालयातल्या अनोळखी मंडळींचे आभार

परस्पर संमतीने घटस्फोट, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब. ऐकायला सोपं, पण कागदपत्रांनी जीव मेटाकुटीला येतो. गेटबाहेरच्या टायपिस्ट काकांनी प्रतिज्ञापत्रातलं नाव आधारकार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, लग्नपत्रिका, फोटो, पत्त्याचा पुरावा क्रमाने लावून दिला. समुपदेशक ताईंनी नको ते खोदून विचारलं नाही, खरंच मोठी गोष्ट! दीड वर्ष वेगळे राहत असाल आणि पोटगी, मुलांचा ताबा सगळं ठरलं असेल, तर घटस्फोटाच्या अर्जानंतर थांबावी लागणारी सहा महिन्यांची मुदत माफ करायचा अर्ज करता येतो, सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे, हे बाकावरच्या एका वकीलबाईंनी सांगितलं, तेही फुकट. आणि आईला पंख्याखाली जागा करून देणारे शिपाईमामा, तुमचेही मनापासून आभार.