अंगठा उमटेना

प्रिय मंगे,

पाच वर्षं झाली तुला पत्र नाही, फोन नाही. राग माझाच होता. तब्येत बरी आहे, शुगर आहे तिथेच आहे.

फोनवर हे बोलता येत नाही, घरात सगळे स्पीकर लावून ऐकतात. आखाजीला माहेरी गेले होते. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सगळं साग्रसंगीत. रस वाढताना वहिनीनं मला पहिली वाटी दिली, तेव्हाच ओळखायला हवं होतं. आपल्याकडे रस भाऊचा आणि कोयी पोरींच्या, आठवतं ना? आणि आपण दोघी ओट्यावर बसून कोणाच्या कोयीला जास्त गर राहिलाय यावर भांडायचो!

जेवणं झाल्यावर भाऊनं कागद काढला. हक्कसोड पत्र. ताईनं आधीच सही केलेली. म्हणे, "बाबा 2003 ला गेले, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारा कायदा 2005 चा, तुमचा तसाही हक्क बसत नाही." मंगे, मग सही कशाला हवी रे बाबा? हे मी मनात म्हटलं. तोंडातून एवढंच निघालं, "बघू." माय मागून म्हणाली, "तुना भाऊ शे तो, त्याले दुखाडू नको." बाबांच्या आजारपणात उशाशी कोण होतं ते मायला विचारायचं राहिलंच.

तू 2020 च्या ऑगस्टमधलं सुप्रीम कोर्टाच्या निकालाचं कात्रण पाठवलं होतंस. वडील 2005 मध्ये हयात असण्याची अट नाही, मुलीचा हक्क जन्मापासूनचा. त्यावर मी तुला काय लिहिलं होतं? "तीन एकरासाठी भावाची राखी विकतेस?" तू उत्तर दिलं नाहीस. बरं केलंस.

दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेलो. फोटो झाला. मग अंगठा. यंत्रावर उमटेना. एकदा, दोनदा, चारदा. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, भांडी घासून रेषा गेल्या तुमच्या." भाऊनं रुमाल दिला, पुसून बघितलं. शेवटी म्हणाले, सोमवारी या.

आता तुलाच सांगते. रेषा आहेत. परवाच रेशनच्या दुकानात पहिल्या झटक्यात उमटल्या. मी अंगठा टेकवतच नव्हते, नुसता धरला होता वर. भाऊ घामाघूम, आणि मला आतून हसू येत होतं. त्याच्या नव्या सायकलच्या कॅरियरवर माझं दप्तर बसायचं आणि मी मागून चार किलोमीटर पायी यायची, ते दिसत होतं. तू म्हणायचीस, "तुझ्यापेक्षा तुझ्या दप्तराचा मान मोठा." तेव्हा मी तुझ्याशी आठ दिवस बोलले नव्हते.

परतीला त्यानं मला शेवभाजी खाऊ घातली. माझ्या ताटात शेव जास्त टाकायला लावली. तो वाईट नाहीये गं, हाच तर घोळ आहे.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? सुनेला कितवा महिना? तू शाळेत फळ्यावर 842 लिहून पोरांना विचारायचीस, हजार मुलांमागं आपल्या जिल्ह्यात एवढ्याच मुली, बाकीच्या गेल्या कुठं? बाई, त्या हेडमास्तरांचं तोंड अजून आठवतं.

सोमवारी परत बोलावलंय. तुझ्या वेळी तू भावाला नाही कसं म्हणालीस, नेमके कोणते शब्द वापरलेस, ते लिही. पत्रानंच लिही. आणि ते कात्रण परत पाठव, मी चुलीत घातलं होतं.

तुझी,
बेबी