दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

ती. काकूंना साष्टांग नमस्कार,

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. मागे फोनवर सुरुवात केली, तर "भेंडी काय भावानं मिळाली गं?" म्हणून विचारलंत. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. नाशिकला लेकीकडे बसून मला मधेच तोडता यायचं नाही तुम्हाला.

२०२४ चा तो ऑगस्ट. आईंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता. ह्यांचं कंत्राट जूनअखेर संपलेलं, आणि हे मुलाखतीसाठी पुण्याला गेलेले. वडोदऱ्याला समामधल्या आपल्या सोसायटीत तळमजल्यावर मी आणि अंथरुणाला खिळलेल्या आई. दिवसभर धो धो पाऊस. रात्री बाराला बाळकृष्ण पाळण्यात घातला, आईंच्या हातावर सुंठवडा ठेवला, तेवढ्यात पार्किंगमध्ये कुणाच्यातरी स्कूटरचा हॉर्न आपोआप वाजायला लागला. थांबेचना. दार उघडलं तर पायरीवर पाणी. वसुदेवाला म्हणे यमुनेनं वाट दिली होती. आमच्या विश्वामित्री नदीला ती गोष्ट कुणी सांगितली नसावी.

मी काय उचललं? आईंची फाइल, औषधांचा डबा, चार्जर. तुम्ही टॉर्च घेऊन खाली आलात, समोरच्या दोन पोरांना हाक मारलीत, आईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलंत आणि त्यांचा ऑपरेशनचा पाय दोन्ही हातांत धरून सगळे जिने उलटे चढलात. स्वतःचे गुडघे गेलेले असताना. प्रत्येक पायरीला "पाय सरळ, पाय सरळ" एवढंच म्हणत होतात. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

पुढचे तीन दिवस तुमच्या दोन खोल्यांत आम्ही चार बिऱ्हाडं. वीज नाही, नळाला पाणी नाही. शेजारच्या भाभींनी शीतळा सातमसाठी केलेले थेपले होते म्हणून मुलांची पोटं भरली. विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत हे आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. त्या दुपारी समोरच्या गच्चीवरून "मगर, मगर" ओरडा झाला तेव्हा ते कौतुक कुठच्या कुठे गेलं. २५ फुटांवर धोक्याची पातळी, आणि नदी ३५ च्या वर. काळ्या घोड्याच्या पुलापाशी पाणी किती, हे मी दर पाच मिनिटांनी मोबाइलवर बघत होते. तुम्ही फोन हातातून काढून घेतलात. "तू बघितलंस म्हणून उतरणार आहे का ती? बॅटरी आईंच्या डॉक्टरांसाठी ठेव." आणि माझ्यापुढे कापसाचा पुंजका टाकलात. "वाती कर."

मला रागच आला होता काकू, खरं सांगते. घर पाण्यात, हे तिकडे, गाड्या रद्द, आईंच्या रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या उरलेल्या, आणि मी वाती करू? संध्याकाळी तुम्ही दत्ताची करुणात्रिपदी सुरू केलीत आणि माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हटलं, "कशाला म्हणताय? झोपलाय तो दत्त."

खोलीत कुणी बोलेना. मला वाटलं आता ऐकायला मिळणार. तुम्ही नुसतं देवाच्या पाटाकडे बोट केलंत. "भांडायचंय ना? मग तिथून नको, इथं समोर येऊन भांड."

मग तुम्ही सांगितलंत ते मला माहीतच नव्हतं. काका गेल्यावर वर्षभर तुम्ही देवाला दिवा लावला नव्हता. पण दर गुरुवारी पाटासमोर बसायचात, हात न जोडता. "अबोला धरला, पण घर सोडलं नाही," असं म्हणालात. आणि त्रिपदीतलं एक दाखवलंत, जे लहानपणापासून म्हणूनही माझ्या कधी डोक्यात शिरलं नव्हतं. टेंबे स्वामींनी १९०५ साली नरसोबाच्या वाडीला ती रचली. तिच्यात आधी दत्तालाच शांत हो म्हटलंय, आपल्या मनाची पाळी त्यानंतर. म्हणजे रागवारागवी त्यांनीही गृहीत धरलेली. मला वाटायचं, विश्वास म्हणजे तक्रार न करणं. देवाला "आता पुरे" म्हणायचीही सोय त्यात आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. गरुडेश्वरला स्वामींच्या समाधीपुढे मी किती वेळा उभी राहिलेय, दर वेळी गुड गर्लसारखी, "सगळं छान आहे" असा चेहरा करून!

तिसऱ्या पदात "करुणाघन" आला, तसं तुम्ही खिडकीबाहेर बघून म्हणालात, "बाहेरचे घन पुरे, आता हा येऊ दे." भाभींना ते गुजरातीत समजावताना आई हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. त्या रात्री मी चार तास झोपले. पाणी तोवर उतरलं नव्हतं, हे मुद्दाम लिहितेय. नाहीतर लोक म्हणतील त्रिपदी म्हटली आणि पूर ओसरला. तसं काही झालं नाही. गोळ्यांचंही डॉक्टरांनी फोनवरच सांगून निभावलं. हे चौथ्या दिवशी पोचले. नोकरी लागायला दिवाळी उजाडली.

घरात शिरलो तेव्हा फ्रिज पाठीवर आडवा पडलेला आणि भिंतीवर माझ्या खांद्याएवढी चिखलाची रेघ. पाळणा सापडला, बाळकृष्ण नाही. मी फाइल उचलली, चार्जर उचलला आणि त्याला विसरले, हे तुमच्यापाशी रडत सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "कालियाच्या डोक्यावर नाचला तो, त्याला पोहता येतं." आणि खराटा हातात घेतलात.

तो पाचव्या दिवशी मोरीच्या जाळीपाशी मिळाला. तुम्ही चिंच लावून घासलात, मग साडीची पिन काढून त्याच्या हातातल्या लोण्याच्या गोळ्याभोवतीचा चिखल कोरत बसलात, चष्मा कपाळावर चढवून, जवळजवळ नाकाला लावून. सगळा निघाला नाही. बोटांच्या बेचक्यात काळी रेघ राहिलीच आहे. मीही आता काढायला जात नाही.

तुम्ही नाशिकला गेल्यापासून गुरुवारची त्रिपदी आमच्याकडे असते. भाभी येतात, गुजराती लिपीत लिहून घेतलीय त्यांनी. आई काठी घेऊन स्वतः पाटापर्यंत जातात. वाती मी करते. तुमच्याइतक्या बारीक होत नाहीत. तुमचा स्टीलचा उभा डबा अजून माझ्याकडेच आहे. दिवाळीला येताय ना? रिकामा देणार नाही.

तुमची,
तळमजल्यावरची