पाण्याची तपासणी सूर्योदयापूर्वीही व्हावी

महोदय,

तलावात किंवा नदीत मासे मरून तरंगू लागले की रात्री कुणीतरी विष कालवले असावे अशी चर्चा सुरू होते आणि दुपारी घेतलेल्या नमुन्यात ऑक्सिजन पुरेसा आढळला की त्या चर्चेला जोरच येतो. मळीमिश्रित पाणी आणि सांडपाणी यांचा दोष मी तिळमात्र कमी लेखत नाही; परंतु हिरव्यागार पाण्यातला ऑक्सिजन दुपारी मोजून त्यावरून पहाटेविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे आहे आणि या चुकीचे मूळ आपल्या शालेय समजुतीत आहे.

'वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात व रात्री श्वसन करतात' हे वाक्य उत्तरपत्रिकांमध्ये मी वर्षानुवर्षे खोडत आले. श्वसन चोवीस तास चालते; उजेड असेल तेवढ्या वेळ त्याच्या जोडीला प्रकाशसंश्लेषण चालते. ही चूक इतकी चिवट का, ते मला प्रयोगशाळेत कळले. चंचुपात्रात हायड्रिला ही पाणवनस्पती, तिच्यावर पालथे नरसाळे, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी आणि पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा, हा प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला असेल. खिडकीतल्या उन्हात देठाच्या कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची माळ सुटते, पात्र आतल्या बाकावर नेले की ती विरळ होते आणि कोपऱ्यात ठेवले की थांबते. मुले म्हणत, 'बाई, झाड बंद पडलं.' वास्तविक त्या मंद उजेडात प्रकाशसंश्लेषण चालूच असते, फक्त तयार होणारा ऑक्सिजन श्वसनातच खर्च होऊन जातो. पूर्ण अंधारात तर वनस्पती भोवतालच्या पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते. मात्र त्याचा बुडबुडा दिसत नाही, कारण बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो. यान इंगेनहाउझ या डच वैद्याने पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे असेच बुडबुडे पाहून वनस्पतीच्या हिरव्या भागांना ऑक्सिजन देण्यासाठी सूर्यप्रकाश लागतो, हे 1779 साली दाखवून दिले होते.

हेच आता तलावात पाहू. एक लिटर हवेत ऑक्सिजन सुमारे 270 मिलिग्रॅम असतो. समुद्रसपाटीला 20 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम 9 मिलिग्रॅम मावतो आणि 30 अंशांना साडेसात. कोल्हापूर उंचावर असल्याने येथे त्याहूनही थोडा कमी. एवढ्याशा शिलकीवर मासे, जिवाणू, शेवाळ आणि पाणवनस्पती सगळ्यांची रात्र निघायची असते. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजले, की दुपारी तिसऱ्या प्रहरी ऑक्सिजन प्रमाणापेक्षाही जास्त भरतो आणि सूर्य मावळल्यापासून तेच शेवाळ तो संपवू लागते. सूर्योदयाच्या आधी तो तळ गाठतो. रंकाळा तलावावर संध्यामठाच्या बाजूला अशाच एका उकाड्याच्या, वारा पडलेल्या पहाटे मी मासे पृष्ठभागाशी तोंडे आणून 'आ' वासताना पाहिले आहेत. ऊन चढल्यावर उरलेले मासे खाली गेले. आषाढात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हाही धोका असतोच, कारण दिवसाची भरपाईच अपुरी पडते.

केंदाळाचा, म्हणजे तरंगत्या जलपर्णीचा, प्रकार आणखी वेगळा आहे. त्याची पाने हवेत असल्याने दिवसाचा ऑक्सिजन बहुतांशी हवेत जातो, सावली मात्र पाण्यावर पडते. खालच्या हायड्रिलेला आणि शेवाळाला उजेड मिळत नाही, पण त्यांचे श्वसन सुरूच राहते, आणि केंदाळ कुजू लागले की उरलासुरला ऑक्सिजन जिवाणू संपवतात. म्हणून काढलेले केंदाळ काठावरच टाकून ठेवू नये. पहिल्या पावसात ते पुन्हा पाण्यात जाते.

मोजमापाची रीत जुनी आणि सोपी आहे. गार्डर आणि ग्रान या शास्त्रज्ञांनी 1927 मध्ये मांडलेल्या पद्धतीत एकाच पाण्याने दोन बाटल्या भरतात, एक पारदर्शक व दुसरी काळी, आणि दोन्ही एकाच खोलीवर काही तास टांगतात. काळ्या बाटलीत घटलेला ऑक्सिजन म्हणजे श्वसन. पारदर्शक बाटलीत दिसते ती श्वसन वजा जाता उरलेली वाढ. तिच्यात काळ्या बाटलीतील घट मिळवली की प्रकाशसंश्लेषणाचा पूर्ण हिशेब लागतो. आपल्या शहरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी रंकाळा, कळंबा आणि कोटितीर्थ येथे हे काम सहज करू शकतील.

माझी विनंती एवढीच, की तलावांच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या यंत्रणांनी ऑक्सिजनची नोंद दुपारी तीनच्या सुमारास आणि सूर्योदयापूर्वी अशी दोन्ही वेळा जागेवरच घ्यावी आणि आकडा प्रसिद्ध करताना त्याच्यापुढे वेळ, पाण्याचे तापमान व खोली लिहावी. आपल्या वृत्तपत्रानेही मासे मेल्याची बातमी देताना नमुना किती वाजता घेतला, हे आवर्जून विचारावे.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, शिवाजी पेठ, कोल्हापूर