बॅटमॅनवर लिहिताना रायटरचं नावही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला बॅटमॅनवरचा लेख वाचला, आवडला पण, फक्त त्यात ‘मूळचा बॅटमॅन असा नव्हताच’ असं ठासून लिहिलंय आणि अख्ख्या लेखात एकाही रायटरचं नाव नाही, ते मनाला लागलं म्हणून हे पत्र.

मूळचा म्हणजे नक्की कोणता? तो आला १९३९ ला, आणि १९४० मध्ये त्याच्या स्वतःच्या कॉमिकच्या पहिल्याच अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो. बंदुकीला हात लावायचा नाही हा नियम नंतर आला.

त्याच्या आईवडिलांचा खून होतो ती एकच रात्र घ्या. १९३९ मध्ये ती दोन पानांत उरकलीय, चोर येतो, हार मागतो, गोळ्या घालतो, पोरगं रडतं, शपथ घेतं, झालं. १९७६ ला डेनी ओ’नील हा रायटर आपल्या गोष्टीत त्या खुनाच्या गल्लीत परत गेला पण त्यानं लक्ष दिलं लेस्ली थॉम्पकिन्सकडे, म्हणजे त्या रात्री त्या पोरक्या मुलाला ज्या बाईनं जवळ घेतलं तिच्याकडे, आणि त्याचा बॅटमॅन दरवर्षी त्याच रात्री न चुकता त्या गल्लीत जातो. ती गोष्ट वाचून मला आजही गलबलून येतं. मग १९८६ ला फ्रँक मिलर, आईच्या गळ्यातली मोत्यांची माळ तुटते आणि छोट्या छोट्या चौकटींत एकेक मोती सुटत जातो, बस्स. तेव्हापासून ती रात्र म्हटलं की लोकांना मोतीच आठवतात.

ग्रँट मॉरिसननं तर २००६ पासून उलटंच केलं, तुम्ही ज्यांना पोरकट म्हटलंय त्या १९५० च्या दशकातल्या परग्रहवाल्या गोष्टीसुद्धा याच बॅटमॅनच्या आयुष्यात घडल्यात असं धरून लिहिलं, आणि ते जमलंय हो!

आणि नावाचा आग्रह उगाच नाही. सुरुवातीच्या कितीतरी गोष्टी लिहिणारा बिल फिंगर १९७४ ला वारला, निर्माता म्हणून नाव मात्र एकट्या चित्रकार बॉब केनचं छापून येत राहिलं. फिंगरचं नाव अधिकृतपणे जोडलं गेलं ते २०१५ मध्ये, तो जाऊन ४१ वर्षं झाल्यावर. पुढच्या लेखात ‘बॅटमॅन असं करतो’ लिहाल तेव्हा कोणाचा बॅटमॅन तेही लिहा प्लीज, एक ओळ पुरते त्याला.

तुमचा नेहमीचा वाचक