‘पर्सेपोलिस’ला बालचित्रपट म्हणू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘पर्सेपोलिस’ या कार्टूनपटाची नोंद ‘बालचित्रपट’ या मथळ्याखाली पाहिली आणि राहवले नाही. आयुष्यभर चित्रकला शिकवली, त्यामुळे कार्टून म्हणजे पोराटोरांचे हा समज किती पक्का आहे, हे मी जाणते.

ज्यांच्या आयुष्यावर हा चित्रपट आहे, त्या मार्जान सत्रापी इराणची राजधानी तेहरानमध्ये वाढल्या. १९७९ साली तिथल्या राजाची, शहांची, सत्ता उलथली, तेव्हा त्या अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी इराकशी युद्ध जुंपले. चौदाव्या वर्षी आईवडिलांनी काळजावर दगड ठेवून त्यांना एकटीला व्हिएन्नाला धाडले. हे सारे त्यांनी आधी चित्रकथेत मांडले आणि २००७ मध्ये व्हँसाँ पारोनो यांच्यासोबत त्याचा चित्रपट केला. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळाले. इराणी सरकारने मात्र निषेध नोंदवला.

नट-नट्या घेऊन का केला नाही, असे मला अनेकदा विचारतात. खरे चेहरे, खरे रस्ते दिसले असते तर आपण ‘तिकडच्या लोकांचे हाल’ म्हणून हळहळून उठलो असतो. चार रेषांत काढलेली मार्जी, म्हणजे चित्रपटातली छोटी मार्जान, मात्र कुणाच्याही घरातली मुलगी वाटते. शिवाय मोठ्यांच्या बोलण्यातून अर्धवट कानावर आलेले मूल मनात कसे रंगवते, ते कॅमेऱ्याने टिपणार कसे? मोर्चावरचा गोळीबार पाहा. माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या, आणि जमिनीवर पसरणारे रक्तही काळेच. लहानपण जवळजवळ सगळे काळ्या-पांढऱ्यात आहे. रंग येतात ते मोठेपणी, परदेशातल्या विमानतळावर.

मार्जीच्या अनूशकाकांचा प्रसंग तर मी विसरूच शकत नाही. मृत्युदंडाआधी एकाच व्यक्तीला भेटण्याची मुभा असते आणि ते या पुतणीला बोलावतात. कोठडीत पाव मळून केलेला छोटासा हंस तिच्या हाती देतात. रेषा कुठेही आक्रोश करत नाही, म्हणूनच ते पाहताना गलबलून येते. हातातली रेषा इतकी आवरून धरणे सोपे नसते, हे कुणाही चित्रकाराला विचारा.

तेव्हा विनंती अशी, की हा मथळा बदलावा आणि पुरवणीत या चित्रपटावर सविस्तर लेख द्यावा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी तो जरूर पाहावा, पण घरातल्या मोठ्यांसोबत. त्यांना प्रश्न पडतील, आणि उत्तरे द्यायला कुणीतरी शेजारी हवे.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका