रक्त देण्याआधी बायोटिन थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार असलेल्यांना हल्ली जीवनसत्त्वांची आणि अमिनो आम्लांची लांबलचक तपासणी एकदम करून घ्या असे सुचवले जाते. रिपोर्टातले लाल आकडे बघून लगेच गोळ्या सुरू होतात. ते आकडे आले कसे, हे मात्र कुणी विचारत नाही.

सर्वांत मोठा घोळ बायोटिन या बी गटातल्या जीवनसत्त्वाचा. रोजची गरज जेमतेम ३० मायक्रोग्रॅम. एमएससाठी वापरून पाहिलेला डोस ३०० मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार पट. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, तरी तो घेणारे आहेत. अनेक यंत्रांची तपासणी बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारे स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन या जोडीवर चालते. रक्तातले जादा बायोटिन तिथे आधीच जागा अडवते. मग ड जीवनसत्त्व आणि बी-१२ खोटेच जास्त दिसतात, थायरॉइडच्या तपासणीतले टीएसएच खोटे कमी, आणि खरी कमतरता झाकली जाते. एवढा डोस असेल तर डॉक्टरांना विचारून निदान ७२ तास आधी तो थांबवावा आणि प्रयोगशाळेला तसे सांगावे.

ड जीवनसत्त्वासाठी २५-हायड्रॉक्सी हीच तपासणी हवी. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची महागडी तपासणी कमतरतेतही नॉर्मल येऊ शकते. एककही पाहावे : २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजेच ५० नॅनोमोल प्रति लिटर. डोस बदलल्यावर तीन महिने तरी थांबून पुन्हा मोजावे. त्याआधीचा आकडा अजून चढत असतो.

बी-१२ ची तपासणी एमएसमध्ये टाळू नये, कारण त्याच्या कमतरतेने मज्जारज्जूची होणारी हानी एमएससारखीच भासते. आकडा २०० ते ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या दरम्यान घुटमळत असेल तर मिथाइलमॅलोनिक आम्ल पाहावे; बी-१२ खरेच कमी असेल तर ते वाढते. बी-१२ कमी असताना वाढणारे होमोसिस्टीनही मोजायचे असेल तर नळी बर्फात ठेवून तासाभरात पेशी वेगळ्या करायला हव्यात, नाहीतर तांबड्या पेशींतून ते बाहेर झिरपत राहते.

अमिनो आम्लांचे पॅनेल मात्र एमएसमध्ये बहुतेकदा पैसे वाया घालवणेच. रात्रभर उपाशी न राहता दिलेले रक्त म्हणजे आदल्या जेवणाचा हिशेब. नमुना तसाच पडून राहिला तर ग्लुटामिन घटते, ग्लुटामेट वाढते. रक्तपेशी फुटल्या तर आर्जिनिन कमी दिसते. आणि ग्लुटामेट हे मेंदूत संदेश पोचवणारे रसायन असले, तरी रक्तातल्या आकड्यावरून मेंदूतले ग्लुटामेट ओळखता येत नाही, मध्ये रक्त-मेंदू अडसर आहे.

शेवटी बी-६. ते जास्त झाले तर हातापायांना मुंग्या येतात, आणि एमएसच्या रुग्णाला तो नवा झटका वाटतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली आहे. ते तीन-चार गोळ्यांत विभागून असल्याने ध्यानात येत नाही. डॉक्टरांकडे जाताना सगळ्याच बाटल्या सोबत न्याव्यात.

आपला,
एक वाचक