पिशवीतल्या एका कागदाबद्दल

आदरणीय वकील मॅडम,
स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे माहीत आहे.

आम्ही दोघं तुमच्याकडे आलो तेव्हा हातात एक पिशवी होती आणि तिच्यातले निम्मे लिफाफे फोडलेलेही नव्हते. थकलेल्या कर्जापायी बँकेनं दारावर चिकटवलेली नोटीस, पेपरात छापून आलेलं नाव, लोक काय म्हणतील, असं काहीबाही मी बोलत सुटलो होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "दारावर नोटीस लागली ती तारीख कोणती?" खोटं कशाला सांगू, राग आला होता. इथे घर चाललंय आणि बाईंना तारखेचं पडलंय!

मग तुम्ही कॅलेंडर पुढे ओढून दिवस मोजलेत. सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देणाऱ्या कायद्याच्या, कलम 13(2) च्या नोटिशीत कर्ज फेडायला दिलेले 60 दिवस आम्ही कधीच घालवले होते. बँकेनं आता घेतला होता तो सांकेतिक ताबा, म्हणजे कागदावरचा. कुलूप अजून आमचंच होतं. त्याविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायला 45 दिवस असतात. त्यातले 31 संपले होते. तेही कशात, तर आधीच्या वकिलांच्या "दिवाणी कोर्टातून स्टे आणतो, काळजी सोडा" या भरवशात. याच कायद्याच्या कलम 34 मुळे अशा प्रकरणात दिवाणी कोर्टाला हातच घालता येत नाही, हे तुमच्याकडून कळलं.

पिशवीतले कागद तुम्ही तारीखवार लावलेत, तेव्हा त्यात माझा एक हाताने लिहिलेला अर्ज निघाला. भरलेले दोन हप्ते हिशोबात धरलेले नाहीत, असं पहिल्या नोटिशीनंतर बँकेला कळवलं होतं. अक्षर वेडंवाकडं, मला त्याची लाजच वाटायची. तुम्ही त्यावरचा पोचेचा शिक्का पाहिलात आणि पहिल्यांदा हसलात. अशा हरकतीला बँकेनं 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. आम्हाला ते आलंच नव्हतं. आपलं सगळं प्रकरण त्या कागदावर उभं राहिलं.

पण त्याच बैठकीत हेही बजावलंत, "कर्ज तुम्ही घेतलंय, ते फेडावंच लागेल. मी वेळ मिळवायचा प्रयत्न करीन, मिळेलच असं नाही." हिला रडू आलं. मला मात्र त्या रात्री कित्येक दिवसांनी झोप लागली. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन उभं राहायचं, हा माझा बेतही तिथंच मोडलात. 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्ज फेडून घर सोडवायचा हक्कच उरत नाही. कुणाकुणाच्या ऐकीव गोष्टींवर मी केवढा विसंबलो होतो!

न्यायाधिकरणानं काही रक्कम भरायच्या अटीवर स्थगिती दिली आणि तेवढ्या अवधीत बँकेशी तडजोड झाली. तडजोडीच्या पत्रातल्या एका ओळीसाठी तुम्ही आम्हाला तीनदा परत पाठवलंत. साहेब तोंडी कबूल करत होते, तुम्हाला ते लेखी हवं होतं. तेव्हा कंटाळलो होतो, आज त्याचीही माफी मागतो.

गेल्या आठवड्यात मूळ खरेदीखत परत मिळालं. मिळाल्याची सही बँकेच्या वहीत केली आणि त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली.

आपला,
पिशवीवाला अशील